एंडोमेट्रिओसिसमधील ॲक्युपंक्चर उपचार

एंडोमेट्रिओसिस या आजारातील ओटीपोटाच्या वेदना कमी व्हाव्यात म्हणून औषधे आणि शस्त्रक्रिया यांच्या जोडीने वापरली जाणारी पूरक उपचारपद्धती. शरीरावरील ठरावीक बिंदूंत केसासारख्या बारीक, निर्जंतुक सुया टोचून हा उपचार करतात. पाळीच्या दिवसांतील वेदना त्यामुळे काही प्रमाणात उतरते, असे थोड्या चाचण्यांत दिसले आहे. आजाराच्या गाठी किंवा चिकटलेले अवयव मात्र सुयांनी बरे होत नाहीत.

आजार आणि त्याची वेदना. गर्भाशयाच्या आतील अस्तराशी साम्य असलेली ऊती गर्भाशयाबाहेर रुजते, तेव्हा त्या स्थितीला एंडोमेट्रिओसिस म्हणतात. ही ऊती अंडाशयांवर, ओटीपोटाच्या आतील आवरणावर, कधी आतड्यांवर किंवा मूत्राशयावर आढळते. पाळीच्या चक्रातील इस्ट्रोजेनला ती प्रतिसाद देते. तिच्या जागी दाह होतो, व्रण पडतात आणि शेजारचे अवयव एकमेकांना चिकटतात. अंडाशयात जुने रक्त साठून झालेल्या गाठीला तिच्या तपकिरी रंगावरून ‘चॉकलेट सिस्ट’ म्हणतात. पाळीचे रक्त गर्भनलिकांतून उलटे पोटात उतरते आणि त्यातील पेशी तेथे रुजतात, असा सिद्धांत अमेरिकी स्त्रीरोगतज्ज्ञ जॉन सॅम्पसन यांनी १९२० च्या दशकात मांडला. तो आजही सर्वाधिक चर्चिला जातो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार प्रजननक्षम वयातील सुमारे १० टक्के, म्हणजे जगभरात १९ कोटी मुली आणि स्त्रियांना हा आजार आहे. निदान व्हायला मात्र अनेक देशांत ४ ते १२ वर्षे जातात. ‘पाळीत दुखायचेच’, ‘लग्न झाले की थांबेल’, ‘एक मूल झाले की बरे वाटेल’ या सल्ल्यांत ती वर्षे निघून जातात. तोवर दुखणे पाळीपुरते उरत नाही. शौचाला, लघवीला किंवा संबंधांच्या वेळी कळ येते आणि थकवा कायमचा होतो.

वर्षानुवर्षे वेदनेचे संदेश पोहोचत राहिले की मज्जारज्जू आणि मेंदू यांची संवेदनशीलता वाढते. साधा स्पर्श किंवा दाबही मग दुखरा वाटू लागतो. गाठ काढून टाकल्यावरही काही स्त्रियांची वेदना का टिकते, याचे एक उत्तर येथे आहे. वेदनेच्या मार्गांवरच काम करणाऱ्या उपचारांकडे डॉक्टर आणि रुग्ण वळतात, तेही याच कारणाने.

उपचाराची रीत. ‘हुआंगदी नेइजिंग’ या सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या चिनी ग्रंथात या पद्धतीची मूळ मांडणी सापडते. परंपरागत चिनी वैद्यक पाळीच्या तीव्र वेदनेकडे बहुधा रक्ताचा अडलेला प्रवाह म्हणून पाहते आणि त्यानुसार बिंदू निवडते. नेहमीच्या वापरातील तीन बिंदू असे : पायाच्या आतील घोट्याच्या वर चार बोटांवरचा सान्यिनजिआओ, नाभीखाली चार बोटांवरचा ग्वानयुआन आणि गुडघ्याच्या वाटीखाली चार बोटांवर, नडगीच्या बाहेरच्या अंगाला असलेला झुसानली. सुया साधारण २० ते ३० मिनिटे ठेवतात. टोचल्या जागी जडपणा, ठणक किंवा मुंग्या जाणवतात. चिनी परंपरा त्या जाणिवेला ‘द ची’ म्हणते आणि तिला महत्त्व देते. काही ठिकाणी सुयांना सौम्य विद्युतप्रवाह जोडतात, तर काही ठिकाणी कानाच्या पाळीवरील बिंदू वापरतात.

आधुनिक शरीरशास्त्र याची उकल वेगळ्या भाषेत करते. सुईमुळे स्नायूंतील चेतातंतू उत्तेजित होतात आणि मेंदू व मज्जारज्जूत एंडॉर्फिनसारखी वेदनाशामक द्रव्ये स्रवतात. बीजिंगमधील शास्त्रज्ञ हान जिशेंग यांनी अनेक दशकांच्या प्रयोगांतून दाखवले, की विद्युतप्रवाहाची वारंवारता बदलली की स्रवणारी द्रव्येही बदलतात. २०१० मध्ये अमेरिकेतील रॉचेस्टर येथे उंदरांवर झालेल्या प्रयोगांत सुईच्या जागी ॲडेनोसिन हे वेदना शमवणारे द्रव्य वाढल्याचे आढळले.

पुरावा. या विषयावरील चाचण्या संख्येने कमी आणि बहुतेक लहान आहेत. बोस्टनमध्ये १३ ते २२ वर्षे वयाच्या १८ मुलींवर जपानी शैलीच्या ॲक्युपंक्चरची चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. चार आठवड्यांनंतर खऱ्या उपचाराच्या गटात वेदना ११ अंकी मोजपट्टीवर सरासरी ४.८ अंकांनी उतरली, नकली उपचाराच्या गटात १.४ अंकांनी. पुढच्या महिन्यांत दोन्ही गटांतील अंतर कमी होत गेले. २०११ च्या कॉक्रेन आढाव्यात निकषांवर टिकलेली चाचणी एकच होती आणि तीत ६७ स्त्रिया होत्या. तेवढ्यावरून ठाम निष्कर्ष काढता येत नाही, असे आढावाकारांनी नमूद केले.

चीनमधील अनेक रुग्णालयांत १०६ स्त्रियांवर केलेली चाचणी २०२३ मध्ये ‘फर्टिलिटी अँड स्टरिलिटी’ या नियतकालिकात आली. पाळीच्या अपेक्षित तारखेच्या आठवडाभर आधी उपचार सुरू करायचा, अशी तिची योजना होती. १२ आठवड्यांनंतर खऱ्या उपचाराच्या गटात पाळीची वेदना नकली उपचाराच्या गटापेक्षा अधिक उतरली. उपचार थांबवल्यावर पुढच्या १२ आठवड्यांत हा फायदा ओसरला. बोस्टन आणि चीन या दोन्हींकडचा अनुभव त्यामुळे एकाच दिशेने बोट दाखवतो : आराम मिळू शकतो, पण नकली उपचाराच्या तुलनेतील त्याची आघाडी टिकत नाही.

युरोपीय प्रजननवैद्यक संस्था ‘एशरे’ हिने २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांत ॲक्युपंक्चरसह कोणत्याही एका औषधविरहित उपायाची शिफारस केलेली नाही. जीवनमान सुधारण्यासाठी अशा पर्यायांची चर्चा डॉक्टरांनी रुग्णाशी करावी, असे मात्र त्यांत म्हटले आहे.

सुरक्षितता. टोचल्या जागी थेंबभर रक्त, निळसर डाग किंवा क्षणिक भोवळ हे नेहमीचे त्रास आहेत. छातीवर सुई खोल गेल्यास फुप्फुसाला इजा होऊ शकते, पण असे क्वचितच घडते. सुया एकदाच वापरायच्या, निर्जंतुक असाव्यात. रक्त पातळ करणारी औषधे चालू असल्यास ते आधी सांगावे लागते. पेसमेकर असलेल्यांना विद्युतप्रवाहाचा उपचार देत नाहीत. गर्भधारणेची शक्यता असेल तर तीही सांगणे आवश्यक असते, कारण सान्यिनजिआओसारखे बिंदू गरोदरपणात टाळण्याचा प्रघात आहे.

भारतातील स्थान. १९३८ मध्ये चीनला गेलेल्या पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकात सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस आणि नागपूरचे डॉ. चोळकर होते. कोटणीस १९४२ मध्ये चीनमध्येच निवर्तले. त्यांचे सहकारी बिजॉय कुमार बसू १९५० च्या दशकाच्या अखेरीस पुन्हा चीनला जाऊन ॲक्युपंक्चर शिकून आले आणि त्यांनी कोलकात्यात ते रुजवले. २०१९ मध्ये केंद्र सरकारच्या आरोग्य संशोधन विभागाने या पद्धतीला स्वतंत्र उपचारपद्धती म्हणून मान्यता दिली. महाराष्ट्रात तिच्यासाठी २०१५ चा स्वतंत्र अधिनियम आहे.

व्यवहारातील उपयोग. हा उपचार निवडणारी स्त्री आधी स्त्रीरोगतज्ज्ञाकडून निदान करून घेते आणि वेदनाशामके, डायनोजेस्टसारखी संप्रेरके किंवा दुर्बिणीची शस्त्रक्रिया यांबाबतचा निर्णय त्यांच्याबरोबर घेते. त्यानंतर दोन-तीन पाळ्यांपर्यंत वेदनेची तीव्रता, लागलेल्या गोळ्या आणि बुडालेले कामाचे दिवस यांची नोंद ठेवल्यास उपचार पुढे चालू ठेवायचा की थांबवायचा, हे ठरवणे सोपे जाते. गाठ वाढत असेल, मूल होत नसेल किंवा शौचातून, लघवीतून पाळीच्या वेळी रक्त जात असेल, तर सोनोग्राफी किंवा एमआरआय तपासणी सुयांच्या उपचारासाठी लांबणीवर टाकली जात नाही.