फिसा–फोका संघर्ष

फॉर्म्युला वन मोटार शर्यतींचे नियम आणि उत्पन्न यांवरील ताब्यासाठी १९८० ते १९८२ या काळात झालेला झगडा. एका बाजूला आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाची क्रीडा शाखा ‘फिसा’ व तिचे हेकट अध्यक्ष झाँ-मारी बालेस्त्र. दुसऱ्या बाजूला मुख्यतः ब्रिटिश संघांची संघटना ‘फोका’. ब्रॅबम संघाचे मालक बर्नी एकलस्टोन हे फोकाचे म्होरके आणि वकील मॅक्स मोझली त्यांचे सल्लागार. फेरारी, रेनो व अल्फा रोमिओ हे कारखानदारांचे संघ फिसाच्या पाठीशी राहिले.

वाद दिसायला तांत्रिक होता. गाडीच्या दोन्ही बगलांना रस्त्याला टेकणारे सरकते स्कर्ट लावले की तळाखालच्या हवेचा दाब घटे आणि गाडी वळणावर रस्ता घट्ट धरून राही. कॉसवर्थचे विकतचे इंजिन वापरणाऱ्या फोकाच्या संघांची सारी भिस्त यावर. रेनोकडे आणि लवकरच फेरारीकडेही अधिक ताकदीची टर्बो इंजिने होती. फिसाने १९८१ पासून सरकत्या स्कर्टवर बंदी घातली. सुरक्षिततेचे कारण खोटे नव्हते, पण फटका कोणाला बसणार हेही उघड होते. मूळ भांडण पैशाचे : आयोजकांकडून रक्कम ठरवून घ्यायची कोणी आणि दूरचित्रवाणीचे हक्क विकायचे कोणी?

जून १९८० मध्ये स्पेनमधील हारामाची शर्यत कारखानदारांच्या संघांविना झाली. ॲलन जोन्स जिंकला, पण गुण धरले गेले नाहीत. फेब्रुवारी १९८१ मध्ये दक्षिण आफ्रिकेत कायलामीला तेच घडले. तेथे कार्लोस रॉयटमान पहिला व नेल्सन पिके दुसरा आला. वर्षअखेर पिके ५० गुणांनी जगज्जेता झाला, रॉयटमानचे ४९ भरले. कायलामीचे अनुक्रमे ९ व ६ गुण धरले असते, तर किताब रॉयटमानचा होता. मालकांच्या भांडणात चालकाचे काय गेले, हे इतक्या नेमकेपणाने क्वचितच मोजता येते.

मार्च १९८१ मध्ये समेट झाला. महासंघाचे मुख्यालय पॅरिसच्या ज्या चौकात आहे, त्यावरून तो ‘कॉन्कॉर्ड करार’ म्हणून ओळखला जातो. नियम करण्याचा अधिकार फिसाकडे राहिला. दूरचित्रवाणी हक्कांचा व्यवहार फोकाकडे गेला. एकलस्टोन यांचे पुढचे साम्राज्य या दुसऱ्या कलमावर उभे राहिले. धुसफूस मात्र थांबली नाही. १९८२ च्या ब्राझील शर्यतीतून पिके व केके रॉसबर्ग बाद ठरताच फोकाच्या बहुतेक संघांनी इमोलाच्या शर्यतीवर बहिष्कार टाकला आणि तेथे जेमतेम १४ गाड्या धावल्या.

१९९१ मध्ये बालेस्त्र यांना हरवून मोझलीच फिसाचे अध्यक्ष झाले. २००९ मध्ये खर्चमर्यादेवरून आठ संघांनी वेगळी मालिका काढण्याची घोषणा केली, तेव्हा बंड मोझलींविरुद्धच होते. विल्यम्स आणि विजय मल्ल्यांचा फोर्स इंडिया त्यात सामील नव्हते. आठवड्याभरात तडजोड झाली. मोझली यांनी पुन्हा निवडणूक न लढवण्याचे मान्य केले.