रोगनिदान व चिकित्सा, ग्रामीण महाराष्ट्रातील

रोग्याच्या तक्रारी, शारीरिक तपासणी व प्रयोगशाळेतील परीक्षा यांवरून रोग ओळखणे म्हणजे निदान आणि त्यानुसार केलेली उपाययोजना म्हणजे चिकित्सा. या दोहोंचा इतिहास सामान्यतः मोठी रुग्णालये व वैद्यकीय महाविद्यालये यांच्या आधारे सांगितला जातो. तथापि निदानाची पद्धत कितीही अचूक असली, तरी ती रोग्याच्या गावी वेळेवर उपलब्ध झाली नाही, तर त्याला तिचा उपयोग नसतो. परभणी जिल्ह्याच्या जिंतूर तालुक्यातील बोरीसारख्या शेतीप्रधान गावाच्या दृष्टीने पाहिल्यास हा इतिहास मुख्यतः वैद्यकीय ज्ञान व रोगी यांमधील अंतर कमी होत गेल्याचा इतिहास ठरतो.

आधुनिक पद्धतीच्या वैद्यकीय शिक्षणास मुंबईत ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयाने (१८४५), तर हैदराबाद संस्थानात तेथील वैद्यकीय शाळेने (१८४६) प्रारंभ झाला. ग्रँट महाविद्यालयात अध्यापन केलेले हेन्री व्हँडाइक कार्टर (१८३१–९७) यांचे कार्य सूक्ष्मदर्शकाधिष्ठित निदानाचे आरंभीचे उदाहरण होय. १८७६–७८ च्या दुष्काळात दख्खनमधून मुंबईत आलेल्या लोकांत तापाची साथ पसरली. कार्टर यांनी रोग्यांच्या रक्तात मळसूत्राकार सूक्ष्मजंतू पाहिले व हा पुनरावर्ती ज्वर असल्याचे दाखवून दिले. बाह्यतः सारख्या दिसणाऱ्या तापांमध्ये रक्तपरीक्षेने भेद करता येतो, हे यातून स्पष्ट झाले.

परभणी जिल्हा त्या काळी हैदराबाद संस्थानात मोडत होता. या संस्थानात वैद्यकाच्या दोन शाखांतील महत्त्वाचे संशोधन झाले. शस्त्रक्रियेच्या वेळी क्लोरोफॉर्मने होणाऱ्या मृत्यूंची कारणे शोधण्यासाठी एडवर्ड लॉरी यांच्या पुढाकाराने व निजामाच्या अर्थसाहाय्याने १८८८ व १८८९ मध्ये दोन आयोग काम करीत होते. क्लोरोफॉर्मचा धोका हृदयास नसून श्वसनास असतो, असा त्यांचा निष्कर्ष होता. पुढे १९११ मध्ये गुडमन लेव्ही यांच्या प्रयोगांनी क्लोरोफॉर्ममुळे हृदयाचे स्पंदन अनियमित होऊन एकाएकी मृत्यू येऊ शकतो, हे सिद्ध केले. दुसरे संशोधन हिवतापाविषयीचे होय. त्याचे परजीवी रोग्याच्या रक्तात असतात, हे लाव्हरां यांनी १८८० मध्ये दाखविले होते. रोनाल्ड रॉस यांना २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबाद येथे ते परजीवी डासाच्या जठरभित्तीत आढळले. या कार्याबद्दल रॉस यांना १९०२ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

हे शोध त्याच संस्थानात लागले असले, तरी त्यांचा लाभ तेथील खेड्यांना फार उशिरा मिळाला. हिवतापाविरुद्धची राष्ट्रव्यापी मोहीम १९५३ मध्ये सुरू झाली. प्राथमिक आरोग्य केंद्रांची कल्पना भोर समितीने १९४६ मध्ये मांडली व १९५२ पासून ती अमलात येऊ लागली. मराठवाड्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालये औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) येथे १९५६ मध्ये, अंबाजोगाई येथे १९७४ मध्ये व नांदेड येथे १९८८ मध्ये निघाली. परभणी येथे असे महाविद्यालय सुरू होण्यास २०२३ साल उजाडले.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात निदानाची काही महत्त्वाची सूत्रे खुद्द खेड्यांतच सिद्ध झाली. जालना जिल्ह्यात जन्मलेले हिम्मतराव बावस्कर हे १९७६ पासून रायगड (तत्कालीन कुलाबा) जिल्ह्यातील बिरवाडी येथील आरोग्य केंद्रात काम करू लागले. तांबड्या विंचवाचा दंश झालेल्या रोग्यांची त्यांनी तासन्‌तास पाहणी केली. ओकारी, दरदरून घाम, थंड हातपाय व वाढलेला रक्तदाब ही पूर्वचिन्हे दिसल्यावर काही तासांत हृदय दुर्बल होते व फुप्फुसांत पाणी साचून मृत्यू ओढवतो, असे त्यांना आढळले. विषामुळे अनुकंपी तंत्रिका तंत्र अतिउत्तेजित होऊन रक्तवाहिन्या आकुंचित होतात. हा परिणाम रोखणारे प्राझोसिन हे रक्तदाबावरील स्वस्त औषध त्यांनी वापरले व १९८६ मध्ये त्यासंबंधीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. गंभीर दंशात पूर्वी शेकडा ३० ते ४० रोगी दगावत. या उपचारानंतर हे प्रमाण शेकडा १ च्या आसपास आले. प्राझोसिनच्या जोडीने प्रतिविष दिल्यास रोगी अधिक लवकर बरा होतो, हे २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसून आले.

स्त्रीरोग व बालरोग या शाखांत गडचिरोली जिल्ह्यातील कार्य उल्लेखनीय आहे. राणी बंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन खेड्यांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली. त्यांपैकी शेकडा ९२ स्त्रियांना एक वा अधिक स्त्रीरोग असल्याचे १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात आढळले. त्यांपैकी फारच थोड्या स्त्रियांची तोपर्यंत अशी तपासणी झाली होती. संकोचामुळे व स्त्री-डॉक्टरांच्या अभावी हे रोग रुग्णालयांच्या नोंदींत येतच नव्हते. अभय बंग यांनी बालकांतील फुप्फुसशोथाच्या निदानासाठी श्वासगणनेचा अवलंब केला. दोन महिन्यांच्या आतील अर्भकाचे श्वसन मिनिटास ६० वा अधिक, २ ते १२ महिन्यांच्या बालकाचे ५० वा अधिक आणि १ ते ५ वर्षांच्या मुलाचे ४० वा अधिक असल्यास फुप्फुसशोथाचा संशय घेतात. ही गणना प्रशिक्षित ग्रामस्थासही करता येते. गावातील प्रशिक्षित स्त्रियांनी नवजात अर्भकांची घरीच काळजी घेतल्याने ३९ गावांच्या क्षेत्रात नवजात मृत्यूंचे प्रमाण शेकडा ६२ ने घटले, असे १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. ही पद्धत २०११ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात समाविष्ट आहे.

या सर्व पद्धतींसाठी लागणारी साधने थोडी आहेत : घड्याळ, रक्तदाबमापक, सूक्ष्मदर्शक व काही स्वस्त गोळ्या. त्यांचे यश मात्र काळावर अवलंबून असते. कापसाच्या शेतात विंचू चावलेल्या मजुरास वा धाप लागलेल्या अर्भकास जिल्ह्याच्या ठिकाणी नेईपर्यंत कित्येकदा उपचाराची वेळ टळून जाते. म्हणून लक्षणे ओळखणारी व पहिली मात्रा देणारी प्रशिक्षित व्यक्ती गावातच असणे, हा ग्रामीण चिकित्सेचा आजही सर्वांत निर्णायक घटक आहे.