एका हाताने उघडणारी गुंडी

शस्त्रांचा इतिहास लिहिणारे तलवारीच्या पोलादावर आणि पिस्तुलाच्या नळीवर पानेच्या पाने भरतात. ते शस्त्र कमरेला ज्या चामड्यात वसते त्याची दखल ते क्वचितच घेतात, आणि त्या चामड्याचे तोंड मिटवणारी पितळी गुंडी तर कोणाच्या खिजगणतीतही नसते. तरी हाताने होल्स्टर शिवणारे कारागीर आजही एका गुंडीला ‘सॅम ब्राउन’ म्हणून ओळखतात. त्या नावाचा माग काढत गेले की आपण १८५८च्या रोहिलखंडात पोहोचतो.

सॅम्युअल ब्राउनचा जन्म १८२४ साली बराकपूरचा. कंपनीच्या बंगाल फौजेत तो दाखल झाला आणि १८४९ मध्ये पंजाबात त्याने घोडदळाचा एक रिसाला उभारला. ३१ ऑगस्ट १८५८ रोजी पिलिभीतजवळ, सीरपुरा येथे, उठावातल्या सैनिकांच्या तोफेवर तो एका स्वाराला बरोबर घेऊन चालून गेला. झटापटीत तलवारीचा एक वार गुडघ्यावर बसला आणि दुसऱ्या वाराने डावा हात खांद्यापासून तुटला. त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. पण खरी अडचण पुढेच होती. घोडदळाची तलवार त्या काळी पट्ट्यांवर लोंबकळत असे. ती उपसताना डाव्या हाताने म्यान धरावे लागे. ज्याला डावा हातच नाही त्याने काय करावे?

ब्राउनने कमरेला रुंद पट्टा घेतला, म्यान त्यात डाव्या बाजूला घट्ट बसवले आणि त्याचे ओझे पेलायला उजव्या खांद्यावरून दुसरा तिरका पट्टा नेला. उजव्या कमरेला पिस्तुलाचे होल्स्टर. दोन हातांच्या अधिकाऱ्यांनाही ही रचना सोयीची वाटली आणि पुढे ती ब्रिटिश फौजेच्या गणवेशातच शिरली. पट्ट्याचे नाव मग त्यावरच्या गुंडीलाही चिकटले.

ही गुंडी दिसायला साधी असते: वर गोल डोके, मध्ये बारीक मान, खाली चपटी बैठक. झडपेच्या चामड्याला मानेच्या मापाचे भोक पाडतात आणि त्याला लागून एक बारीक चीर देतात. डोके चिरेतून वर येते आणि मान भोकात बसते. भोक मोठे झाले तर झडप चालता चालता सुटते. चीर आखूड राहिली तर बोटे दुखेपर्यंत ओढावे लागते. चिरेची दिशाही महत्त्वाची. ताण ज्या कडेवर येतो ती कड अखंड ठेवून चीर उलट बाजूला द्यावी लागते, नाहीतर काही महिन्यांत चामडे तिथेच फाटत जाते. गुंडीची बैठक आतून सपाट बसवून वर अस्तर शिवतात, म्हणजे धातूला धातू घासत नाही.

धातूची निवड हा रसायनाचा प्रश्न आहे. बाभळीच्या सालीत किंवा हिरड्यात कमावलेल्या चामड्यात टॅनिन असते. त्याला लोखंड लागले आणि ओल आली की काळा डाग पडतो. हिरड्याचा काढा आणि हिराकस यांची शाई जशी होते, तसाच हा प्रकार. पितळ-तांब्याने डाग पडत नाही. पण चामड्याला चोळलेल्या चरबी-तेलाशी त्याची क्रिया होऊन गुंडीभोवती हिरवा मेणचट थर साचतो. बिनकल्हईच्या पितळी भांड्यात ताक कळकते, हे आपल्या स्वयंपाकघराला ठाऊकच आहे. निकेलचा मुलामा ही या गुंडीची कल्हई. आपली जुनी कोल्हापुरी चप्पल खिळ्याशिवाय, चामड्याच्याच वादीने शिवत. तिथे हा प्रश्नच उद्भवला नाही.

दरम्यान टिचबटण आले होते. १८८५ मध्ये जर्मनीत हेरिबर्ट बाउअरने आणि १८८६ मध्ये ग्रेनोब्लमध्ये आल्बेर-पिएर रेमों याने त्याची पेटंटे घेतली. ग्रेनोब्ल हे हातमोज्यांचे गाव, त्यामुळे तिथे गिऱ्हाईक तयारच होते. टिचबटण झटकन उघडते. पण त्याची पकड वापराने ढिली पडते, त्यात धूळ बसते आणि उघडताना ते ‘टिच्’ असा आवाज करते. म्हणूनच की काय, अमेरिकी फौजेच्या १९१६च्या होल्स्टरची झडपही पितळी गुंडीवरच मिटत होती. गुंडीत झिजायला स्प्रिंगच नाही.

आता राहतो नावाचा प्रश्न. उठावानंतर कानपूरला सरकारी खोगीर-साजाचा कारखाना उभा राहिला. ज्या शहराने १८५७ पाहिले, तिथलेच चर्मकार बाभळीच्या सालीत कमावलेल्या चामड्यातून फौजेचे साज बनवू लागले. भोक कुठे, चीर कोणत्या दिशेला, हे ज्ञान त्यांच्या हातांत होते. पण पट्ट्यावर नाव राहिले ते अधिकाऱ्याचे. ज्याच्या तलवारीमुळे या पट्ट्याची गरज पडली, त्या सैनिकाचे नाव त्यावर नाही. आणि ज्यांनी तो वर्षानुवर्षे शिवला, त्या कारागिरांचेही नाही. स्वतंत्र भारतातले पोलीस अधिकारी समारंभात तलवारीसोबत आजही सॅम ब्राउन पट्टा बांधतात. तो टाकून द्यावा असे मी म्हणत नाही. वस्तू उपयोगी असेल तर टिकते, आणि टिकावी. मात्र पोलीस संग्रहालयात तो मांडताना खालच्या पाटीवर ब्राउनच्या नावाशेजारी सीरपुऱ्याचे आणि कानपूरचेही नाव लिहायला दोन ओळी पुरतील.