बाळागोळी

आजच्या सांगली जिल्ह्याचा बराच भाग ज्या काळी सातारा जिल्ह्यातच मोडत होता, त्या काळी या भागातून हजारो माणसे मुंबईच्या गिरण्यांत गेली. त्यांच्या संपांचा इतिहास आम्ही कामगार चळवळीतली माणसे नेहमी सांगतो. त्यांच्या पाळण्यांचा इतिहास मात्र राहून जातो. तो आज सांगावयाचा आहे.

आईने दिवसभर खात्यात उभे राहावयाचे, तर मूल दिवसभर निजले पाहिजे. म्हणून अफूची बाळागोळी. १९२२ च्या सुमारास डॉ. बार्न्सबाईंनी सरकारतर्फे मुंबईच्या कामगार स्त्रियांची पाहणी केली, तेव्हा त्यांच्या शंभर अर्भकांपैकी ९८ जणांना अफू दिली जात असल्याचे त्यांनी नोंदविले. आईला अडाणी म्हणून मोकळे होणे सोपे होते.

पण गोळी चुकली म्हणजे काय होई? मूल किंचाळे, थरथरे, त्यास ढाळ लागत, झोप उडे. याचे कारण आज उलगडले आहे. मेंदूच्या देठात पेशींचा एक निळसर पुंजका असतो. संकट आले की तो नॉरअ‍ॅड्रेनालिन नावाचे रसायन सोडून शरीराला जागे करतो. अफू त्यास दाबून ठेवते. रोज दाबला गेला की तो आपला जोर वाढवितो. अफू थांबताच तो साचलेला जोर उसळतो. छाती धडधडते, घाम फुटतो, जीव घाबरा होतो. संकट नसताना संकटाची घंटा वाजते. पुन्हा गोळी दिली की घंटा थांबते, आणि आईला वाटते, औषध लागू पडले!

ही कोंडी उपदेशाने फुटणारी नव्हती. मुंबई कायदे कौन्सिलात १९२८ साली प्रसूतिलाभाच्या विधेयकास डॉ. आंबेडकरांनी पाठिंबा दिला. १९२९ साली कायदा झाला. १९४८ च्या कारखाना कायद्याने पन्नासहून अधिक स्त्रिया असलेल्या कारखान्यात पाळणाघर सक्तीचे केले. हे हक्क म्हणजे केवळ पगाराचा हिशेब नव्हे.

कारण अशी सवय घेऊनच जन्मलेल्या अर्भकांवर आज डॉक्टर प्रथम कोणता उपचार करतात? शांत खोली आणि आईची कूस; तेवढ्याने भागले नाही तरच औषध, तेही हळूहळू कमी करीत. गिरणीने नेमकी ती कूसच हिरावली होती.

म्हणून आपल्या आळीतला कोणी व्यसन सोडताना तळमळत असेल, तर ‘मन घट्ट कर’ एवढे सांगून आपण उठू नये. त्यास दवाखान्यात न्यावे आणि त्याच्याजवळ बसावे.