बोरन्हाण घरी करताय? खाऊ, खेळ आणि थीम ठरवण्याआधी बाळाचं वय बघा

जानेवारी उजाडला की इन्स्टाग्रामवर एकाच प्रकारचे रील्स दिसायला लागतात. काळं झबलं, डोक्यावर हलव्याचा मुकुट, पाटावर बसलेलं बाळ आणि वरून कोसळणारा बोरांचा पाऊस. मागे पतंगांची सजावट, समोर दहा मोबाइल. माझ्याही बोरन्हाणाचा फोटो आईने जपून ठेवलाय. त्यात सगळे हसतायत आणि मी एकटी भोकाड पसरून रडतेय.

आपल्याकडे लहान मुलांची थीम पार्टी ही नवी गोष्ट वाटते. पण बोरन्हाणात सगळं आधीपासूनच ठरलेलं आहे: ड्रेस कोड काळा, दागिने हलव्याचे, खाऊ हंगामातला आणि खेळ लुटालुटीचा. अडचण एकच. ज्याच्यासाठी हे सगळं चाललंय ते बाळ बहुतेक वेळा एक-दीड वर्षाचं असतं आणि त्याच्या अंगावर आपण जे ओततो त्यातलं जवळपास काहीच त्याने खाण्यासारखं नसतं. म्हणून यंदा घरी बोरन्हाण करणार असाल तर काय आणायचं, काय टाळायचं आणि पाहुण्या मुलांना कसं गुंतवायचं, हे जरा सविस्तर बघू.

बोरन्हाण कधी आणि कोणाचं करतात?

मकर संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत कुठल्याही दिवशी बोरन्हाण करता येतं. रथसप्तमी तिथीनुसार येत असल्याने हा काळ दरवर्षी कमी-जास्त होतो. २०२४ मध्ये रथसप्तमी १६ फेब्रुवारीला होती, त्यामुळे महिनाभर मिळाला. २०२६ मध्ये ती २५ जानेवारीला, म्हणजे हातात जेमतेम अकरा दिवस. हॉल किंवा सोसायटीचं क्लब हाऊस घ्यायचं असेल तर आधी कॅलेंडर बघा.

बाळाची पहिली संक्रांत महत्त्वाची मानतात, पण पाच वर्षांपर्यंत बोरन्हाण केलं जातं. काही घरांत पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या अशा विषम वर्षी करायची पद्धत आहे. मुलगा-मुलगी असा भेद यात नाही. काही भागांत याला बोरलूट किंवा नुसतं लूट असंही म्हणतात.

दरवर्षी व्हॉट्सॲपवर याच्या 'शास्त्रीय कारणांचे' मेसेज फिरतात. बोरं डोक्यावर पडली की मुलाला वर्षभर आजार होत नाहीत, वगैरे. बोरं अंगावर पडल्याने प्रतिकारशक्ती वाढत नाही. बोरं, ऊस, ओला हरभरा, शेंगा ही त्या दिवसांत शेतातून येणारी पिकं आहेत, ती मुलांना ओळखीची व्हावीत आणि चार घरची मुलं एकत्र यावीत, एवढं कारण मला तरी पुरेसं वाटतं.

थीम तयारच आहे, फक्त कपडे मऊ निवडा

एरवी शुभकार्यात टाळला जाणारा काळा रंग संक्रांतीला मुद्दाम घालतात. काळा रंग उष्णता शोषून घेतो आणि हे दिवस थंडीचे असतात, असं त्याचं कारण सांगितलं जातं. पाहुण्यांनाही काळ्या कपड्यांत बोलावलंत तर वेगळ्या सजावटीचा खर्च बराच वाचतो. भिंतीवर चार कागदी पतंग, पाटाभोवती रांगोळी, बास.

हलव्याचे दागिने दादरच्या बाजारात, पुण्याच्या तुळशीबागेत आणि आता ऑनलाइनही मिळतात. मुकुट, हार, बाजूबंद, कमरपट्टा आणि मुलगा असेल तर बासरी, असा सेट असतो. साबुदाणा किंवा तिळावर मंद आचेवर पाक चढवत चढवत हलवा तयार होतो, म्हणून त्याला ते काटे येतात. दिसायला सुंदर, पण बाळाच्या मानेला टोचतो. हार आणि त्वचेच्या मध्ये झबल्याची कॉलर येईल असं बघा. दागिने घालण्याआधी एकदा ओढून बघा: दाणे, मणी, टिकल्या सुटत असतील तर ते थेट तोंडात जाणार. सेट घालायचा, फोटो काढायचे आणि पाच-दहा मिनिटांत उतरवायचा. बाळ त्यातच झोपलं तर झोपू देऊ नका. गळ्यातला दोरा झोपेत आवळू शकतो.

औक्षणाचं निरांजनही बाळाच्या हाताला लागणार नाही इतकं लांब ठेवा. नेटचा फ्रॉक आणि लेस पटकन पेट घेतात. याच कारणाने फेसाचा स्नो स्प्रे या कार्यक्रमात नकोच. त्याच्या डब्यात ज्वलनशील वायू असतो आणि जवळ ज्योत असेल तर भडका उडतो.

ओतायचं काय? इथेच खरी गडबड आहे

पारंपरिक यादी अशी: बोरं, उसाचे करवे, भुईमुगाच्या शेंगा, हरभऱ्याचे घाटे, चुरमुरे, तिळगूळ, हलवा, रेवड्या. आता त्यात गोळ्या, जेम्स, छोटी चॉकलेटं आलीत. या यादीतले चुरमुरे सोडले तर बाकी जवळपास सगळं तीन-चार वर्षांखालच्या मुलाच्या घशात अडकू शकतं.

कारण साधं आहे. लहान मुलांना दाढा पूर्ण आलेल्या नसतात, त्यामुळे कडक पदार्थ ती दळू शकत नाहीत, नुसते तुकडे करतात. श्वासनलिका अरुंद असते. त्यात हसणं, रडणं, धावणं सुरू असेल तर तोंडातला दाणा श्वासाबरोबर आत ओढला जातो. म्हणून चार वर्षांखालच्या मुलांना अख्खे दाणे आणि कडक गोळ्या देऊ नका, असं बालरोगतज्ज्ञ सांगतात. आपल्याकडे मुलांच्या श्वासनलिकेतून काढाव्या लागणाऱ्या वस्तूंमध्ये शेंगदाणा नेहमी वरच्या क्रमांकावर असतो.

घरच्या घरी करायची एक चाचणी आहे. टिश्यू पेपर संपल्यावर जी पुठ्ठ्याची नळी उरते, तिच्यातून जी वस्तू आरपार जाते ती तीन वर्षांखालच्या मुलाच्या हाती द्यायची नाही. गावठी बोर या नळीतून सहज जातं. परदेशात ताजी बोरं मिळत नाहीत म्हणून द्राक्षं किंवा मार्शमेलो वापरायचा विचार असेल तर तेही याच यादीत येतात.

मग बोरांशिवाय बोरन्हाण करायचं का? तसं नाही. माझ्या भाचीच्या वेळी आम्ही दोन भाग केले. ती चौदा महिन्यांची होती. आजीने पाच बोरं आणि उसाचे दोन करवे ओंजळीत धरून तिच्यावरून ओवाळले आणि ताटात बाजूला ठेवले. प्रत्यक्ष ओतले ते चुरमुरे, झेंडूच्या पाकळ्या आणि तळहाताएवढे कागदी पतंग. बोरं, शेंगा, गोळ्या असं सगळं 'खरं' सामान नंतर गॅलरीत, फक्त मोठ्या मुलांसाठी. आत्याने थोडी कुरकुर केली, पण फोटोत काही कमी दिसलं नाही. आणि हो, पहिले चुरमुरे पडले तेव्हा भाची घाबरली. ओतणाऱ्यांनी उभ्याने न ओतता शेजारी बसून, खांद्यावरून हळूच ओतलं तेव्हा ती स्वतःच मुठी भरून उडवायला लागली. मोठी ॲपल बोरं तर वरून कधीच टाकू नका, डोळ्याला लागतात. बाळ रडतच राहिलं तर थांबा. रील होईल की नाही हा नंतरचा प्रश्न.

पाटाखाली एक जुनी मोठी चादर अंथरा. कार्यक्रम झाला की चारही टोकं उचलून गाठोडं बांधायचं. ही युक्ती फुकट आहे आणि सगळ्यात उपयोगी.

पाहुण्या मुलांचं काय?

बोरन्हाण एका बाळाचं असलं तरी येणारी मुलं दीड ते दहा वर्षांची असतात. सगळ्यांना एकाच वेळी 'लुटा' म्हटलं की मोठी मुलं तुटून पडतात आणि लहानांची बोटं पायाखाली येतात. वयाप्रमाणे दोन गट करा आणि प्रत्येक मुलाच्या हातात नाव लिहिलेली कापडी पिशवी द्या. भांडणं निम्म्याने कमी होतात. लहानांच्या गटात लुटायला बिस्किटांचे बंद पुडे, मोठे क्रेयॉन, चित्रांची पुस्तकं ठेवता येतील.

लुटीनंतर मोठ्यांसाठी एक-दोन खेळ पुरतात. वन बीएचकेमध्ये धावाधाव नको असेल तर 'शिवाजी म्हणतो' किंवा 'मामाचं पत्र हरवलं' घ्या. लिंबू-चमचाच्या जागी बोर-चमचा खेळता येतो. डोळे बांधून वासावरून ओळखा, असा खेळ पाच ते आठ वर्षांच्या मुलांना फार आवडतो: तीळ भाजलेले, गूळ, वेलची, पेरू, कोथिंबीर. पतंग उडवायला गच्चीवर पाठवण्यापेक्षा घरात पतंग रंगवायला द्या. नायलॉनच्या मांज्यावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये देशभर बंदी घातली आहे, तरी तो कुठून तरी येतोच.

फुग्यांबद्दल दोन गोष्टी. फुटलेल्या रबरी फुग्याचा तुकडा लहान मुलाच्या घशाला चिकटून बसतो, म्हणून तुकडे लगेच उचला. आणि आतमध्ये दिवा लागणारे फुगे, चमकणारे मुकुट यांच्यात बटण सेल असतो. तो गिळला तर अन्ननलिकेत दोन तासांत गंभीर जखम होऊ शकते. तोंडात गेल्याची नुसती शंका आली तरी थेट हॉस्पिटल गाठायचं.

खाण्याचा बेत

वेळ ठरवताना बाळाची झोप बघा. दुपारची झोप झाल्यावर संध्याकाळी पाच ते सात हा बहुतेकांना सोयीचा वेळ असतो. त्यात पूर्ण जेवण लागत नाही. तिळाची वडी, मटार करंजी किंवा ढोकळा आणि एक पोटभरीचा पदार्थ, एवढं पुष्कळ झालं. पावभाजी ठरली तर मोठ्यांना तीन आणि मुलांना दोन पाव धरा. १२ मोठे आणि ८ मुलं असतील तर ५२ पाव, म्हणजे साडेचार डझन आणायचे. मुलांसाठी भाजी तिखट घालण्याआधी वेगळी काढून ठेवा. थंडी असली तरी शिजवलेलं अन्न दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नका, विशेषतः दही आणि पनीरचे पदार्थ. थर्माकोलच्या ताट-वाट्या राज्यात २०१८ पासून बंद आहेत. घरातली ताटं पुरत नसतील तर शेजाऱ्यांकडून मागा.

ज्याचं बोरन्हाण आहे त्याने काय खायचं? सहा महिन्यांखाली दुधाशिवाय काहीच नाही. एक वर्षाखाली मध नाही, कोणी प्रेमाने चाटवायला आलं तरी नाही. त्यानंतर पिकलेल्या बोराचा बी काढून कुस्करलेला गर चालतो, मऊ इडली चालते. तीळ आणि शेंगदाणा याआधी कधी दिला नसेल तर पहिली चव या गर्दीत देऊ नका. ॲलर्जी निघाली तर ती लक्षात यायला कोणी शांत बसलेलं नसतं. पाहुण्यांनाही निरोपातच विचारून ठेवा की कुणाच्या मुलाला काही चालत नाही का.

बोलवायचं कुणाला?

बहुतेक घरांत बोरन्हाण आणि हळदीकुंकू एकत्र उरकतात. त्यामुळे विधवा आजी, घटस्फोटित मावशी यांना बोलावलं जात नाही किंवा मागे बसवलं जातं. हेरवाड या कोल्हापूर जिल्ह्यातल्या गावाने २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. आपल्याला ठरावाचीही गरज नाही. हा मुलाचा कार्यक्रम आहे, पहिली ओंजळ आजीची असू द्या. बाबा, काका, आजोबा यांनीही ओतायला हरकत काय? खुर्च्या लावण्यापुरतंच त्यांना का ठेवायचं?

घशात अडकलंच तर

मूल जोरात खोकत असेल, रडत असेल तर त्याला खोकू द्या. पाणी पाजू नका, दिसत नसलेली वस्तू काढायला तोंडात बोट घालू नका. ती आणखी आत जाते.

आवाज निघत नसेल, ओठ निळे पडत असतील तर लगेच हालचाल करायची. एक वर्षाखालच्या बाळाला हातावर पालथं घ्या, डोकं खाली. दोन्ही खांद्यांच्या मध्ये तळहाताच्या टाचेने पाच थापा मारा. मग उताणं करून छातीच्या मधोमध पाच वेळा दाबा. एक वर्षावरच्या मुलाला पुढे वाकवून पाठीवर पाच थापा, मग मागून कवेत घेऊन बेंबीच्या वर मूठ ठेवून आत आणि वर असे पाच झटके. वस्तू निघेपर्यंत हे आलटून पालटून करत राहा. दुसऱ्या कुणाला तरी १०८ किंवा ११२ ला फोन लावायला सांगा. मूल बेशुद्ध पडलं तर सीपीआर सुरू करावा लागतो. पाहुण्यांमध्ये ते कुणाला येतं हे आधीच माहीत असलेलं बरं.

कार्यक्रम संपला, चादर गुंडाळली, तरी सोफ्याखाली आणि फ्रिजमागे एकदा झाडू फिरवा. रांगणाऱ्या बाळाला दुसऱ्या दिवशी तिथलाच दाणा सापडतो. आणि पुढच्या काही दिवसांत एखाद्या मुलाचा खोकला हटत नसेल, श्वासाला शिट्टीसारखा आवाज येत असेल, तर डॉक्टरांना बोरन्हाणात शेंगा होत्या हे आवर्जून सांगा. शेंगदाणा एक्स-रेमध्ये सहसा दिसत नाही.