ऑटोमोबाईल इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष: गाडी दिसतच नाही, मग शिकतो काय?

सीईटीचे पर्सेंटाइल हातात आले की मला दरवर्षी हमखास एक मेसेज येतो. "दादा, गाड्यांची लय आवड आहे, ऑटोमोबाईल घेऊ का?" मी पुण्यात ऑटोमोबाईल शिकलो आणि आता गाड्यांच्या ईसीयूसाठी, म्हणजे गाडीतल्या छोट्या कॉम्प्युटरसाठी, सॉफ्टवेअर लिहितो. त्यामुळे हा प्रश्न मला जवळचा आहे. पण उत्तर देताना मी ब्रँचपेक्षा पहिल्या वर्षाबद्दलच जास्त बोलतो. कारण त्या वर्षात गाडी कुठेच दिसत नाही, आणि गाडीवेडी पोरं तिथेच कंटाळतात. मीही कंटाळलो होतो. एम-टूमध्ये केटी लागली, तेव्हा जाग आली.

फाउंडेशन इयर म्हणजे नक्की काय?

ब्रिटनमधल्या विद्यापीठांच्या साईटवर 'ऑटोमोटिव्ह इंजिनिअरिंग विथ फाउंडेशन इयर' असं दिसतं. ज्यांचे विषय किंवा मार्क थेट प्रवेशाला पुरत नाहीत, त्यांनी आधी एक वर्ष गणित-फिजिक्स पक्कं करायचं आणि मग मुख्य डिग्री सुरू करायची, असा तो प्रकार.

आपल्याकडे असं वेगळं वर्ष नसतं, ते चार वर्षांच्या डिग्रीतच मुरलेलं आहे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या कॉलेजांमध्ये त्याला एफई म्हणतात. कॉम्प्युटर असो, सिव्हिल असो की ऑटोमोबाईल, पहिल्या वर्षाचा गाभा जवळपास सारखाच: गणित, फिजिक्स, केमिस्ट्री, मेकॅनिक्स, ग्राफिक्स, बेसिक इलेक्ट्रिकल, बेसिक इलेक्ट्रॉनिक्स, प्रोग्रामिंग आणि वर्कशॉप. अभ्यासक्रम दर काही वर्षांनी बदलतो, आणि स्वायत्त कॉलेजांचा आपापला असतो, त्यामुळे विषयांची नावं तुमच्या कॉलेजात थोडी वेगळी दिसतील.

प्रवेशासाठी बारावीला फिजिक्स आणि गणित लागतंच. खुल्या वर्गाला ४५ टक्के, राखीव वर्गाला ४० टक्के. सीईटीच्या २०० मार्कांपैकी १०० एकट्या गणिताचे असतात, आणि निगेटिव्ह मार्किंग नाही. दुसरा रस्ता दहावीनंतरच्या तीन वर्षांच्या डिप्लोमाचा. डिप्लोमावाले थेट दुसऱ्या वर्षाला येतात. वर्कशॉपमध्ये त्यांचा हात आपल्यापेक्षा कितीतरी साफ असतो, पण एम-वन, एम-टू न करता एकदम एम-थ्री समोर आलं की त्यांची दमछाक होते. माझ्या बेंचवर डिप्लोमाचा मित्र होता. मी त्याला इंटिग्रेशन शिकवायचो, तो मला गिअरबॉक्स उघडायला.

मेकॅनिक्स आणि तुमच्या बाईकचा ब्रेक

एफईच्या मेकॅनिक्समध्ये घर्षण शिकवतात. उतारावर ठोकळा घसरतो, त्याचं गणित करा. वाटतं, याचा गाडीशी काय संबंध? आता बघा. कोरड्या रस्त्यावर टायर आणि डांबर यांच्यातला घर्षणांक ०.७ धरला, तर ब्रेक मारल्यावर वेग दर सेकंदाला जास्तीत जास्त सुमारे ६.९ मीटर प्रति सेकंद इतका कमी होऊ शकतो. थांबायला लागणारं अंतर म्हणजे वेगाचा वर्ग भागिले या आकड्याची दुप्पट. ताशी ३६ किलोमीटरला ते साधारण ७ मीटर येतं. ताशी ७२ ला? १४ नाही, २९ मीटर. पावसात घर्षणांक ०.४ वर आला तर ५१ मीटर. आणि यात ब्रेक दाबेपर्यंत गेलेला वेळ धरलेलाच नाही.

चाक लॉक होऊन घसरायला लागलं की पकड आणखी कमी होते आणि हँडल फिरवूनही गाडी वळत नाही. चाकाला त्या टोकापर्यंत जाऊच द्यायचं नाही, हे एबीएसचं काम. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या नव्या टू-व्हीलरना ते सक्तीचं झालं. त्याच्या कोडमध्ये मूळ कल्पना एफईच्या त्या ठोकळ्याचीच आहे.

ज्या गणितात मी उडालो

एम-टूमध्ये डिफरन्शियल इक्वेशन येतात, आणि त्यांचा एक उपयोग म्हणून कॉइल आणि रेझिस्टन्सचं सर्किट. व्होल्टेज दिलं तरी कॉइलमधला करंट एकदम चढत नाही, हळूहळू वर जातो, एवढंच ते समीकरण सांगतं. मी ते पाठ केलं होतं. पेपरात आकडे बदलले आणि मी अडकलो. आमच्या वेळी नियम असा होता, की एफईचे सगळे विषय सुटल्याशिवाय तिसऱ्या वर्षाला प्रवेश नाही. म्हणजे केटी लांबली की वायडी, अख्खं वर्ष पाण्यात. घरी फी कर्ज काढून भरलेली. एसईच्या पहिल्या सेमिस्टरमध्ये मी दिवसा नवीन विषय आणि रात्री एम-टू असं केलं, आणि विषय काठावर सुटला.

पुढे नोकरीत पहिल्याच काही महिन्यांत माझ्यासमोर एक टेबल आलं. एका बाजूला बॅटरीचं व्होल्टेज, दुसऱ्या बाजूला इंजेक्टरचा 'डेड टाइम'. इंजेक्टर म्हणजे इंजिनात पेट्रोल फवारणारा इलेक्ट्रिक व्हॉल्व्ह, आणि त्याच्या आत असते एक कॉइल. ईसीयूने 'उघड' सांगितलं तरी करंट पुरेसा चढेपर्यंत तो उघडत नाही. हा उशीर साधारण एक मिलिसेकंदाचा. ऐकायला किरकोळ वाटतं, पण गाडी आयडलला असताना पूर्ण पल्सच दोन-तीन मिलिसेकंदांचा असतो! थंडीत पहाटे सेल मारताना बॅटरीचं व्होल्टेज पडतं, करंट आणखी हळू चढतो, इंजेक्टर आणखी उशिरा उघडतो. ईसीयूने त्या प्रमाणात पल्स लांबवला नाही तर पेट्रोल कमी पडतं आणि गाडी चालूच होत नाही.

तेच समीकरण होतं. मी टेबलाकडे बघून एकटाच हसलो.

१ एप्रिल २०२० ला बीएस-६ आलं आणि बहुतेक स्कूटर-बाईकमधला कार्ब्युरेटर जाऊन इंजेक्टर बसला, त्यामुळे हे टेबल आता फक्त कारपुरतं राहिलेलं नाही.

बेसिक इलेक्ट्रॉनिक्स आणि प्रोग्रामिंग हे "कॉम्प्युटरवाल्यांचे विषय" म्हणून सोडून देऊ नका, एवढं इथेच सांगतो. इंजिन, ब्रेक, एअरबॅग यांचे ईसीयू एकमेकांशी 'कॅन' नावाच्या पद्धतीने दोन वायरींवरून बोलतात. बॉश कंपनीने ती १९८६ मध्ये जगासमोर आणली आणि आजही ती गाड्यांमध्ये आहे. ते मेसेज वाचायला बिट, बाइट आणि लूप कळावे लागतात. इतकंच, पण कळावे लागतात.

ऑटोमोबाईल की मेकॅनिकल?

माझं स्पष्ट मत: चांगल्या कॉलेजात मेकॅनिकल आणि साध्या कॉलेजात ऑटोमोबाईल मिळत असेल, तर मेकॅनिकल घ्या. गेटला ऑटोमोबाईलचा वेगळा पेपर नाही. यूपीएससीच्या इंजिनिअरिंग सर्व्हिसेसमध्येही शाखा म्हणून मेकॅनिकलच आहे. आरटीओतल्या सहायक मोटार वाहन निरीक्षक पदाला ऑटोमोबाईल आणि मेकॅनिकल दोन्ही डिप्लोमा चालतात. म्हणजे मेकॅनिकलने दार बंद होत नाही. मी स्वतः ऑटोमोबाईल घेतलं आणि त्याचा पस्तावा नाही, पण गेटचा फॉर्म भरताना हे कळलं, ते आधी कळायला हवं होतं.

बाकी पुण्याचा फायदा दोन्ही ब्रँचला सारखाच. पिंपरीत टाटा, आकुर्डीत बजाज, चाकणला महिंद्रा, फोक्सवॅगन, मर्सिडीज. वेताळ टेकडीवर एआरएआय, १९६६ पासून. जाहिरातीत जे 'एआरएआय मायलेज' वाचता, ते याच संस्थेच्या नावाचं. गाडीचं नवं मॉडेल विकण्याआधी ज्या मंजुरीच्या चाचण्या लागतात, त्या इथेही होतात. आणि कॉलेजात बाहाची टीम असेल तर पहिल्याच वर्षी जाऊन उभे राहा. एसएई इंडियाच्या या स्पर्धेत विद्यार्थी एका माणसाची ऑफ-रोड गाडी स्वतः बनवतात. एफईच्या पोरांना पाइप घासायला लावतात, ते चालवून घ्यायचं.

फोनवर आजच करून बघा

फोनमध्ये 'फायफॉक्स' नावाचं फुकट अ‍ॅप टाका. जर्मनीतल्या आखेनच्या विद्यापीठाने ते बनवलंय. पीएमपीच्या बसमध्ये बसून (चालवताना नाही!) फोन सपाट धरा आणि अ‍ॅक्सिलरेशनचा ग्राफ सुरू करा. ड्रायव्हरकाका ब्रेक मारतील तेव्हा किती आकडा दिसतो, तो वरच्या ६.९ शी ताडून बघा. फोनमधला हा सेन्सर ज्या जातीचा आहे, ती चिप १९९० च्या दशकात एअरबॅगसाठी गाड्यांमध्ये आली, फोनमध्ये त्यानंतर.

घरी कार असेल तर ओबीडी ब्लूटूथ डोंगल लावा. स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये बसतो. अ‍ॅपमध्ये बॅटरी व्होल्टेज उघडा आणि घरच्या कुणाला तरी सेल मारायला सांगा. आकडा १२ च्या खाली घसरतो आणि इंजिन चालू झालं की १४ च्या आसपास चढतो. स्वस्तातला डोंगल त्या क्षणी स्वतःच बंद पडून पुन्हा चालू होतो कधीकधी, तेव्हा दोन-तीनदा करून बघा.