रथी आणि स्वार

तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरात गर्भगृहाभोवतीच्या अंधाऱ्या प्रदक्षिणामार्गावर चोळकालीन भित्तिचित्रे आहेत. नायककाळातील रंगलेपाखाली ती शतकानुशतके झाकलेली होती; १९३१ साली एस. के. गोविंदस्वामी यांनी ती उजेडात आणली. त्यांतील दोन चित्रे शेजारी ठेवून पाहावीत अशी आहेत. एकात त्रिपुरांतक शिव रथावर आरूढ झाला आहे आणि ब्रह्मदेव त्याचे सारथ्य करीत आहे. या रथाला चार वेदांचे घोडे जुंपलेले होते असे पुराणे सांगतात. दुसऱ्या चित्रात संतकवी सुंदरर शुभ्र हत्तीवरून कैलासाकडे निघाला आहे आणि त्याचा मित्र चेरमान पेरुमाळ हा केरळनरेश भरधाव घोड्यावरून त्याच्याबरोबर चालला आहे. एका भिंतीवर देव रथी आहे, दुसरीवर राजा स्वार आहे.

हा दुसरा प्रसंग बाराव्या शतकात सेक्किळाराने ‘पेरियपुराणा’त वर्णिला आहे. घोड्याच्या कानात राजाने पंचाक्षरी मंत्र सांगितला आणि तो घोडा आकाशमार्गे निघाला, अशी ती कथा. तिचे मराठी करताना प्रस्तुत लेखक एका साध्या क्रियापदावर अडला. ‘राजा अश्वारूढ झाला’ असे लिहावे, तर चौकातला पुतळा डोळ्यांसमोर उभा राहतो; ‘राजा घोड्यावर स्वार झाला’ असे लिहावे, तर भक्तीच्या प्रांतात छावणीची धूळ शिरते. ही अडचण केवळ शब्दनिवडीची नाही. आपल्या परंपरेने रथी आणि स्वार यांना जो निरनिराळा मान दिला, त्याचा इतिहास तिच्यामागे आहे.

महाभारतातील गणिताप्रमाणे एका अक्षौहिणीत २१,८७० रथ, तितकेच हत्ती, ६५,६१० घोडे आणि १,०९,३५० पायदळ असते. म्हणजे दर रथामागे तीन घोडेस्वार. तरीही उद्योगपर्वात भीष्म दोन्ही सैन्यांतील वीरांची गणना करतो, ती रथी, अतिरथी आणि महारथी अशीच. कर्णाला तो ‘अर्धरथी’ म्हणतो आणि एवढ्या एका शब्दासाठी कर्ण भीष्म पडेपर्यंत शस्त्र हाती धरीत नाही. स्वारांसाठी मात्र अशी प्रतवारी कोणी केलेली नाही. ते येतात, लढतात आणि मरतात. पण बहुधा समूहाने. अखेरच्या दिवशी घोडदळ घेऊन तडफेने लढणारा जो एक नायक ठळकपणे दिसतो, तो गांधारांचा शकुनी. आणि त्याला गौरव देण्याची कवीची इच्छा नाही.

घोड्याविषयी मात्र महाकाव्यात उपेक्षा नाही. द्रोणपर्वात भर रणात अर्जुन बाणाने भूमीतून पाणी काढतो आणि श्रीकृष्ण घोड्यांना सोडून त्यांचे शल्य काढतो, त्यांना पाणी पाजतो. विराटाच्या घरी नकुल ग्रंथिक या नावाने अश्वपालाचे काम पत्करतो. घोडा पूज्य आहे, त्याची सेवा करणाराही आदरणीय आहे. जो नुसता त्याच्या पाठीवर बसून लढतो, तो तेवढा निनावी राहिला आहे.

प्रत्यक्ष युद्धाने हा क्रम फार लवकर उलटवला. इ. स. पूर्व ३२६ मध्ये वितस्तेच्या काठी पौरवाचे रथ चिखलात रुतले आणि शिकंदराच्या घोडदळाने त्यांना गाठले. कर्णाच्या रथाचे चाक भूमीने गिळले ते शापामुळे, असे काव्य सांगते. पण चाकाला सपाट आणि कोरडी जमीन लागते, हे त्या शापातले व्यावहारिक सत्य आहे. पुढे रथ हळूहळू रणांगणातून निघाला आणि देवळात स्थिरावला. तंजावरपासून फार दूर नसलेल्या दारासुरमला, दुसऱ्या राजराजाच्या ऐरावतेश्वर मंदिरात, मंडपालाच दगडी चाके आणि घोडे जोडलेले आहेत. युद्धात रथाचा उपयोग उरला नव्हता, त्या बाराव्या शतकातले हे शिल्प आहे.

तोपर्यंत राज्याचे भवितव्य घोड्याच्या पाठीवर जाऊन बसले होते आणि दक्षिणेची खरी अडचण तेथेच होती. कौटिल्य उत्तम घोडे सांगतो ते कांबोज, सिंधू, आरट्ट आणि वनायू या प्रदेशांचे. त्यांत दक्षिणेचे नाव नाही. तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलोने पांड्यांच्या देशाविषयी लिहिले आहे की, येथील राजे दरवर्षी समुद्रापलीकडून हजारो घोडे विकत घेतात आणि वर्षअखेर त्यांतले शंभरही उरत नाहीत. कारण त्यांची निगा राखणारे, त्यांना नाल मारणारे कोणी येथे नाहीत. प्रवाशाच्या अतिशयोक्तीला सूट दिली, तरी राजकोशातून वाहणाऱ्या सोन्याचा ओघ त्यातून लपत नाही.

माणिक्कवाचकाची कथा या पार्श्वभूमीवर वाचावी. पांड्यराजाने घोडे घेण्यासाठी दिलेले धन या मंत्र्याने तिरुप्पेरुंदुरै येथे शिवकार्यात खर्च केले. संकट आले तेव्हा शिवाने कोल्ह्यांचे घोडे केले आणि स्वतः सौदागर होऊन ते राजाच्या हवाली केले. रात्री त्या घोड्यांचे पुन्हा कोल्हे झाले. भक्तांना यात ईश्वराची लीला दिसते आणि ती दिसावीच. पण घोड्यांच्या व्यापारात पोळलेल्या प्रजेचे हसूही त्यात ऐकू येते. आज घेतलेला घोडा उद्या हाती उरत नाही, हा त्या राज्यांचा नित्याचा अनुभव होता.

ज्यांना घोडा टिकवण्याची विद्या अवगत होती, अशी माणसे पुढे याच प्रदेशात आली. विजापूरच्या फौजेतून आलेल्या एकोजी राजांनी १६७५-७६ च्या सुमारास तंजावर हस्तगत केले. त्यानंतर सुमारे वीस वर्षांनी, १६९७ मध्ये, तमिळ देशातच, जिंजीला, कृष्णाजी अनंत सभासदाने राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून आपली बखर लिहिली. तीत शिवाजी महाराजांच्या पागेची व्यवस्था आहे: पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवाल्यांचा एक जुमला, आणि दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी व एक नालबंद. रथींच्या गणनेत पाणी पाजणाऱ्याला जागा नव्हती. सभासदाच्या गणनेत ती आहे. मार्को पोलोला या किनाऱ्यावर जो नालबंद आढळला नाही, त्याची नोंद मराठी गद्याने चारशे वर्षांनी याच मुलखात बसून केली. मराठ्यांच्या पराक्रमाचे रहस्य कोणी वेगात शोधतात, कोणी गनिमी काव्यात. सभासदाची ही ओळ ते पखालीत आणि नालेत दाखवते.

१७९९ च्या तहाने तंजावरचा राज्यकारभार कंपनीकडे गेला. दुसऱ्या सरफोजी राजांकडे किल्ला आणि लगतचा भाग तेवढा उरला. त्यानंतर चार वर्षांनी, १८०३ मध्ये, त्यांनी बृहदीश्वराच्या प्राकारात भोसले वंशाचे चरित्र मराठीत कोरवून घेतले. घोड्यावरून आलेल्या घराण्याचा इतिहास घोडदळाची सत्ता संपल्यावर दगडावर आला. याच राजांनी समृद्ध केलेल्या सरस्वती महालात नकुलाच्या नावावरचे सचित्र ‘अश्वशास्त्र’ जतन झाले आणि १९५२ साली तेथील ग्रंथमालेत ते छापले गेले. पागा ओस पडत असताना पोथीशाळा भरत होती. याला पराभूताचा विरंगुळा म्हणणे सोपे आहे, पण ते न्याय्य नाही. जे रणात राखता येत नाही, ते भाषेत राखणे हेही राखणेच असते.

भाषेने मात्र काय राखले, हे आपण टीकाकारांनी स्वतःला विचारले पाहिजे. थोर लेखकाला आपण अजूनही ‘साहित्यातील महारथी’ म्हणतो आणि पोकळ ग्रंथाला ‘खोगीरभरती’. ज्या रथावर मराठी माणूस कधी लढला नाही, तो आपला गौरव झाला. ज्या खोगिरावर त्याने राज्य उभे केले, ते आपली निंदा झाले. रथी, सारथी हे शब्द संस्कृत; जीन, लगाम, रिकीब, नालबंद, शिलेदार, बारगीर हे फारसीतून आलेले. ज्या बोलीत प्रत्यक्ष काम चालले, तिला आपण प्रतिष्ठेच्या पंगतीत बसवले नाही.

पण ‘स्वार’ हा शब्दच या भेदाला उत्तर देतो. फारसी ‘सवार’चे जुने रूप ‘असबार’. त्यातला ‘अस’ हा आपल्या ‘अश्वा’चा सख्खा भाऊ आणि ‘बार’ हा ‘भृ’ धातूचा आप्त: अश्वाने वाहिलेला, तो स्वार. जो शब्द छावणीतला आणि परका म्हणून मी टाळू पाहत होतो, त्याच्या पोटात वेदांतला घोडा होता. म्हणून माझ्या अनुवादात चेरमान पेरुमाळ अश्वारूढ होत नाही. तो घोड्याच्या कानाशी वाकतो, मंत्र सांगतो आणि स्वार होतो.